ज्येष्ठांची गाडी बंद होतेय: लासूर स्टेशन ते संभाजीनगर, एसटी-रेल्वे-रिक्षावर कसं बसवायचं?

शिवनाकाठ

नमस्कार मंडळी. लासूर स्टेशन आणि भोवतालची आठ गावं (ता. गंगापूर) यांच्यासाठी ज्येष्ठांची एक गाडी चालते. तेरा आसनी, पांढऱ्या नंबर प्लेटची, स्थानिक ज्येष्ठ नागरिक संघाच्या नावावर. सोम-बुध-शुक्र सकाळी सातला निघून गावोगाव माणसं घेते, साडेनऊच्या आत घाटीच्या (संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) दारात सोडते, दुपारी अडीचला तिथूनच परत. एका फेरीला नऊ ते अकरा जण. माणशी ६० रुपये, देणगी म्हणून. गुरुवारी एक फेरी गंगापूरला, तहसील आणि बँकेसाठी.

इंजिनाचं काम निघालंय, विमा भरायचाय आणि चालक सोडून चाललाय. महिनाअखेर गाडी बंद. देणगीदारांकडून येणारे महिना २२ हजार मात्र चालू राहणार आहेत. ते नव्या गाडीच्या हप्त्यात घालायचे, की आहे त्या एसटी-रेल्वे-रिक्षावर ही माणसं बसवायची, यावर संघात दोन तट आहेत.

निम्म्याहून जास्त लोक पंच्याहत्तरीच्या पुढचे. दोघं व्हीलचेअरवर, तिघं डायलिसिसवर, चार-पाच जणांच्या हातात काठी किंवा वॉकर. बाकीचे चालतात, पण एसटीची पायरी चढताना कुणीतरी हात द्यावा लागतो. दोन गावं हायवेला लागून, बाकीची लासूरच्या स्टँडपासून तीन ते नऊ किमी आत.

नुसतं 'एसटीनं जा' नको. कुठं अडेल तेही सांगा.

जुना_टीसी *(एसटीतला वाहतूक नियंत्रक. रेल्वेतला टीसी नव्हे.)*

एका गाडीची जागा दुसरी एकच गाडी घेईल, हा हिशेब आधी सोडा. तुमची गाडी तीन कामं करत होती: घर ते हायवे, हायवे ते शहर, आणि शहरात स्टँड ते दवाखाना. मधलं काम एसटी आजच करते आणि तुमच्यापेक्षा स्वस्तात करते. २२ हजार लावायचे ते दोन टोकांना.

भाडं बघा. साध्या गाडीला २५ जानेवारी २०२५ पासून सहा किमीच्या टप्प्याला १०.०५ रुपये. लासूर ते संभाजीनगरचा सेंट्रल स्टँड सात टप्पे धरले तर पूर्ण तिकीट सत्तरच्या आसपास. ६५ ते ७५ वयाला निम्मं. ७५ पूर्ण झालेल्यांना अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत २६ ऑगस्ट २०२२ पासून काहीच नाही. म्हणजे तुमच्या निम्म्याहून जास्त लोकांचे ६० रुपये सरळ वाचतात. बायकांना १७ मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात निम्मं तिकीट आहे. त्यामुळे सोबत कोण जाणार हे ठरवताना एक बारीक हिशेब: सून किंवा मुलगी सोबत आली तर तिला अर्धं, मुलगा आला तर त्याला पूर्ण.

वादावादी हमखास होते ती पुढच्या तीन बाबतींत.

मोफत असलं तरी शून्य रुपयाचं तिकीट घ्यावंच लागतं. 'मला फुकट आहे' म्हणून माणूस गप्प बसून राहिला आणि वाटेत तपासणी पथक चढलं, की तो विनातिकीटच धरला जातो आणि वाहकही अडचणीत येतो.

ओळखपत्र मूळ लागतं, किंवा मोबाइलवर डिजीलॉकर, एम-आधार. घडी घालून घालून फाटलेली झेरॉक्स नको.

आणि जुन्या आधारवर नुसतं जन्मवर्ष असतं. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचं वय वाहक कसं धरणार, यावर दर फेरीला घासाघीस होते. जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून शाळेचा दाखला किंवा जन्माची नोंद हातात घेऊनच आधार केंद्रावर जा. अंदाजे तारीख टाकून बसलात तर पुढं पंचाईत.

आता आगाराकडे काय मागायचं. नवी फेरी मागू नका. नव्या फेरीला गाडी लागते, चालक-वाहकाची ड्यूटी लागते, आणि भारमान (गाडी किती भरते ते) बघितल्याशिवाय वरून मंजुरी येत नाही. अर्ज फायलीत पडून राहतो. त्यापेक्षा चालू फेरीत बदल मागा: सकाळच्या गाडीची वेळ वीस-पंचवीस मिनिटं मागंपुढं करा, हायवेवरच्या दोन गावांच्या फाट्याला विनंती थांबा द्या, आणि दुपारी तीननंतर सेंट्रलवरून वैजापूरकडं जाणारी एक साधी गाडी लासूरच्या स्टँडात आत घेऊन जाऊ द्या. किलोमीटर फारसे वाढत नाहीत, ड्यूटीचे तास वाढत नाहीत. असा अर्ज आगार व्यवस्थापकाच्या पातळीवर हलतो.

तुमच्या पट्ट्यात गंगापूर आणि वैजापूर या दोन्ही आगारांच्या गाड्यांचा संबंध येतो. कुठली फेरी कुठल्या आगाराची ते आधी स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारा. चुकीच्या आगाराला अर्ज गेला तर 'आमच्या अखत्यारीत नाही' हे उत्तर यायलाच महिना जातो. प्रत विभाग नियंत्रकांना, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

सोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, पण खरं वजन पडतं ते नोंदवहीचं. पंधरा दिवस रोज लिहा: तारीख, गाव, किती माणसं, किती वाजता थांब्यावर, कोणती गाडी, थांबली की नाही, जागा मिळाली की नाही. 'वृद्धांचे हाल होत आहेत' असं लिहिलेल्या अर्जांचे गठ्ठे असतात. 'सकाळी ७.४० ते ८.१० या वेळेत फाट्यावर रोज ६ प्रवासी, दोन गाड्या न थांबता गेल्या' हे वाक्य वाचून माणूस टाइम टेबल उघडतो.

डब्बा_नं_४

लासूरला रेल्वे स्टेशन आहे हे सगळेच विसरतात, नावात असूनसुद्धा.

मनमाड–संभाजीनगर मार्गावरच्या साध्या पॅसेंजरचं किमान भाडं १० रुपये, एक्स्प्रेसच्या जनरल डब्याचं ३०. लक्षात ठेवायचं ते एवढंच की पॅसेंजरचं तिकीट एक्स्प्रेसला चालत नाही. ज्येष्ठांची सवलत रेल्वेनं २० मार्च २०२० पासून थांबवली ती अजून चालू केलेली नाही, त्यामुळे काउंटरवर वय सांगून उपयोग नाही. जवळच्या अंतराचं अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी जाताना परतीचंही काढून ठेवू, हा विचार म्हणून चालत नाही.

चांगलं काय? डब्यात शौचालय आहे. लघवीची गोळी चालू असलेल्या माणसाला एसटीतला तासभर हीच मोठी चिंता असते, आणि त्यापायी बरेच जण दवाखान्याच्या दिवशी सकाळची गोळीच घेत नाहीत. डॉक्टरांपर्यंत रक्तदाब वाढलेला घेऊन जातात. एवढ्या एका कारणासाठी तरी काही माणसांना रेल्वे बरी.

वाईट काय? मार्ग एकेरी. समोरून गाडी येणार असली की तुमची पॅसेंजर क्रॉसिंगला उभी. अंकाई–संभाजीनगर दुहेरीकरणाच्या कामासाठी ब्लॉक लागतात, तेव्हा सगळ्यात आधी छोट्या गाड्या रद्द होतात. म्हणून जाताना रेल्वे आणि येताना एसटी, असं लावा. सकाळी गाडी रद्द असेल तर घरीच कळतं, दुसरी सोय करता येते. संध्याकाळी शहरात अडकलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला ती करता येत नाही. निघण्याआधी एनटीईएस या रेल्वेच्या ॲपवर गाडीचं धावतं ठिकाण बघायची जबाबदारी गावातल्या एका कॉलेजच्या पोराकडे द्या.

दादरा ओलांडायला लागणार असेल तर गुडघेवाल्यांना रेल्वे नको. गाडी कुठल्या फलाटावर लागते ते चार दिवस बघून मगच ठरवा. आणि रूळ ओलांडायला कुणाला सांगू नका, सगळे ओलांडत असले तरी.

टमटमवाला_नाही

एवढा उपद्व्याप कशाला? लासूर-संभाजीनगर काळी-पिवळी चालतेच की. दारातून घेतील, महिन्याचं ठरवा.

लेखाजोखा

काळी-पिवळीचं घोडं क्षमतेवर अडतं. परवान्यावर जेवढ्या जागा तेवढ्याच प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर. नऊच्या जागी चौदा बसवल्यावर अपघात झाला, तर भरपाई मागताना घरच्यांना कोर्टात वर्षं घालवावी लागतात. शिवाय भरल्याशिवाय गाडी निघत नाही. नऊची ओपीडी असलेला माणूस साडेआठपर्यंत स्टँडवरच.

आता नव्या गाडीच्या बाजूनं बोलणाऱ्या तटासाठी. पांढऱ्या प्लेटच्या गाडीत माणशी ६० रुपये घेणं, पावतीवर 'देणगी' लिहिलं तरी, भाडं घेणंच धरलं जाऊ शकतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे त्याला परवाना लागतो. परवान्याविना चालवल्यास कलम १९२-अ खाली पहिल्याच वेळी १० हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडापेक्षा मोठी भीती विम्याची: खासगी वापराचा विमा आणि गाडी भाड्यावर, हे सिद्ध झालं की कंपनी हात वर करते आणि दावा संघाच्या पदाधिकाऱ्यांवर येतो. नवी गाडी घेतलीत तरी पिवळ्या प्लेटची, परवान्याची, बॅजवाल्या चालकाची घ्यावी लागेल. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी.

खर्च मांडून बघा. संभाजीनगरची जाऊन-येऊन फेरी, गावं फिरून, ९० किमी. महिन्याला १३ फेऱ्या म्हणजे ११७० किमी. लिटरला दहा धरले तर ११७ लिटर, नव्वदीच्या भावानं साडेदहा हजार. चालक बारा हजार. झाले तुमचे २२ हजार. विमा, टायर, कर आणि हप्ता अजून बाहेरच. गुरुवारची गंगापूरची फेरी तर धरलीच नाही.

हेच पैसे रिक्षाला लावले तर? परवानाधारक तीन आसनी रिक्षा दोन ठरवा. सकाळी प्रत्येकी दोन खेपा, दुपारी दोन खेपा, म्हणजे सकाळी बारा जण स्टँडवर आणि दुपारी बारा जण घरी. दिवसाला रिक्षामागं ६०० धरले तर १३ दिवस, दोन रिक्षा, १५,६००. उरले ६,४००. त्यांचं काय करायचं ते खाली कुणीतरी सांगेलच.

ठरवताना चार गोष्टी कागदावर आणा, साध्या कागदावर चालेल. पैसे दिवसाचे ठरवायचे, माणशी नाही. माणशी ठरवलं की तीनच्या जागी पाच बसतात आणि दोनच माणसं असली की रिक्षा येतच नाही. पूर्ण रिक्षा संघानं भाड्यानं घेतली, असा व्यवहार असला की तो परवान्यातही बसतो. प्रत्येकाकडून सुटं भाडं घेतलं की तो वेगळा होतो. दुसरं, परवान्याचं क्षेत्र, फिटनेस आणि विम्याची तारीख यांचा फोटो संघाकडे. तिसरं, न आल्यास बदली रिक्षा पाठवायची जबाबदारी त्याचीच. चौथं, परतीच्या खेपेला एसटी उशिरा आली तर किती वेळ थांबायचं. चाळीस मिनिटं फुकट, पुढं तासाला ठरावीक रक्कम. हे चौथं कलम नसेल तर पहिल्या पावसाळ्यातच करार मोडतो.

पायरी_दांडा

गाडी बदलल्यावर माणसं कमी होतात ती पायरीपाशी, तिकिटापाशी नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एसटीची पहिली पायरी जमिनीपासून सव्वा ते दीड फूट. फाट्यावर रस्त्याची कड खचलेली असते, तिथं ती पावणेदोन फूट होते. गुडघा झिजलेल्या माणसाला आठ इंचांची पायरी जमते, त्याच्या दुपटीची जमत नाही. उपाय सोपा आहे: थांब्यावर सिमेंटचा कट्टा, ६ ते ८ इंच उंच, ८ फूट लांब, ४ फूट रुंद, एका बाजूला उतरण. उतरण एकास बारा ठेवा, म्हणजे ८ इंच उंचीला ८ फूट लांबी. वॉकरवाला माणूस न ढकलता चढतो. आठ इंचांच्या वर जाऊ नका. गाडी कडेला घेताना खालचा पत्रा घासतो, आणि एकदा घासला की चालक तिथं गाडी जवळ घेणं सोडून देतो. कट्ट्याचा पृष्ठभाग झाडूनं ओढलेला, खरखरीत. गुळगुळीत घोटला की पावसात घसरगुंडी. कट्टा रस्त्याच्या हद्दीत येत असेल तर बांधकाम विभागाचं पत्र आधी घ्या, नाहीतर रुंदीकरणात पहिला तोच जातो.

कट्टा होईपर्यंत लोखंडी किंवा जाड लाकडी चौरंग चालतो: ८ इंच उंच, दीड बाय सव्वा फूट, पायांना रबराची टोपी. प्लास्टिकचं स्टूल अजिबात नको, वजन एका कडेला आलं की उलटतं. चौरंग रिक्षावाल्याकडे ठेवा. तो दोन्ही वेळा तिथं असतोच.

चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. हे सगळ्यांना एकदा उभं राहून करायला लावा, सांगून समजत नाही. मदत करणाऱ्यानं दंड धरून वर ओढायचं नाही. खांदा निखळायची भीती असते. मागून, एक पायरी खाली उभं राहायचं, हात कमरेपाशी, ओढण्याचं काम माणसानं स्वतः दांडा धरून करायचं. उतरताना मदतनीस खाली, समोर. वॉकर आधी वाहकाकडे द्यायचा, माणूस नंतर.

जागा मागायची ती दारापासून दुसरी-तिसरी रांग, चाकाच्या पुढची. मागच्या चाकाच्या मागं बसलं की खड्ड्यात उडतो, आणि हाडं ठिसूळ झालेल्या बाईला तेवढ्या दणक्यानं मणका चेपल्याची उदाहरणं हाडवैद्यांकडं भरपूर.

व्हीलचेअरवरच्या दोघांना एसटीत बसवायचा आग्रह धरू नका. घडीची खुर्ची डिकीत जाते, माणूस उचलून चढवावा लागतो, आणि उचलण्यात दोघांची पाठ जाते.

ज्यांच्याकडे काठी-वॉकर नाही, त्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख. त्यातून वॉकर, काठी, कंबरपट्टा, नी-ब्रेस घेता येतो.

शिवनाकाठ

खूपच उपयोगी. दोन गोष्टी स्पष्ट करतो. गुरुवारच्या गंगापूर फेरीत बहुतेक लोक पैसे काढायला आणि हयातीच्या दाखल्यासाठी जातात. आणि शहरात उतरल्यावर घाटीपर्यंत काय? सेंट्रलला उतरून गोंधळतील अशी भीती आहे. शहर बसमध्ये अमृत चालतं का?

भडकल_गेट

नाही. अमृत योजना आणि बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीच्या शहरी वाहतुकीलाही लागू नाही, आणि आपली स्मार्ट सिटी बस तर एसटीचीच नाही. लाल गाडीतून उतरून शहर बसमध्ये बसलेल्या आजोबांना तिकीट मागितलं की ते वाहकाशी भांडतात. हे आधीच घरी सांगून ठेवा.

सेंट्रल ते घाटी अंतर दोनेक किमी. मिल कॉर्नर, भडकल गेट, मग घाटी. स्टँडच्या दारात रिक्षावाले घेरतात, तेव्हा तिघा-तिघांनी मिळून रिक्षा करायची. उरलेल्या ६,४०० चं उत्तर हेच. रोज तीन-चार रिक्षा जाताना, तेवढ्याच येताना. ओळखीचे दोन रिक्षावाले ठरवले आणि बस नगर नाक्याला आली की फोन केला, तर माणसं उतरायच्या आत ते दारात असतात. बाबा पंपावर उतरून रिक्षा धरायची घाई करू नका. तिथं रस्ता ओलांडणं तरण्या माणसालाही जड जातं.

घाटीत केसपेपर सकाळी. रांग मोठी असते. मोबाइलवर आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) असेल तर क्यूआर स्कॅन करून टोकन मिळतं, माणूस बाकड्यावर बसतो आणि सोबतचा खिडकीवर जातो. सगळ्यांची आभा एका रविवारी गावातच काढून घ्या, आधारशी जोडलेला मोबाइल लागतो. तो नंबर बंद पडलेला असणं ही आपल्याकडची जुनीच रड आहे, म्हणून आधारचं काम आधी.

कॅन्सरचे पेशंट असतील तर त्यांना घाटीच्या दारात उतरवू नका. शासकीय कर्करोग रुग्णालय आमखास मैदानाजवळ आहे, रिक्षावाल्याला तसंच सांगायचं.

परतीचं सांगतो, कारण तुमची गाडी खरी उपयोगी पडत होती ती तिथं. अडीचला दारात उभी असायची. आता प्रत्येकाचं काम वेगळ्या वेळी संपणार. सगळ्यांनी एकाच गाडीनं परतायचं ठरवलं तर रक्ताचा रिपोर्ट चारला मिळणाऱ्यामुळं बाकीचे आठ जण ताटकळतात. दोन परतीच्या गाड्या ठरवा, एक दोन-अडीचची, एक साडेचार-पाचची. दुसरी चुकली तर पुढची कोणती, हेही चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून खिशात. लासूरच्या रिक्षाच्या दुपारच्या खेपा त्याप्रमाणेच बसवा.

लेखाजोखा

गुरुवारची फेरी बहुतेक मोडीतच निघते.

श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेचे पैसे थेट खात्यात येतात. ते काढायला गंगापूर कशाला? गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर किंवा पोस्टमनकडच्या मशीनवर आधारच्या अंगठ्यानं निघतात. अंगठा उमटत नाही ही म्हाताऱ्या हातांची नेहमीची तक्रार. हात कोमट पाण्यानं धुऊन, कोरडे करून, दुसरं बोट वापरून बघायचं. रक्कम दिल्यावर पावती मागायचीच. सेवा केंद्रावर फसवणूक होते ती इथंच: अंगठा दोनदा घेतला जातो, पैसे एकदाच दिले जातात.

निवृत्तिवेतनवाल्यांचा हयातीचा दाखला जीवन प्रमाण या सरकारी सोयीतून, मोबाइलवर चेहरा दाखवून, घरबसल्या होतो. केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबरमध्ये, ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच. उजेडात, डोळ्यांची उघडझाप करायला लावून. मोतिबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर पंधरा दिवस थांबा.

७० वर्षांवरच्यांना घरपोच बँक सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ पासूनचं परिपत्रक आहे. शाखेत लेखी मागा, तोंडी मागितलं तर 'माणूस नाही' एवढंच ऐकू येतं.

बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी घाटीत जाणारे किती आहेत, हेही नोंदवहीत लिहा. त्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, आणि मोठ्या डॉक्टरांचा सल्ला ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर उपकेंद्रातून घेता येतो. यातले दोघं-तिघं जरी प्रत्येक फेरीतून कमी झाले, तरी रिक्षाची एक खेप वाचली.

शिवनाकाठ

राहिले डायलिसिसचे तिघं आणि खुर्चीवरचे दोघं. १०८ ला फोन करायचा सल्ला काही जण देतात.

पायरी_दांडा

१०८ अत्यवस्थ माणसासाठी. ठरलेल्या डायलिसिसला ती बोलावली की तेवढा वेळ दुसऱ्या कुणाच्या हार्ट अटॅकला गाडी नसते, आणि ते येतही नाहीत. १०२ गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी आहे, ज्येष्ठांसाठी नाही. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. ती माहिती आणि मार्गदर्शन देते, गाडी पाठवत नाही.

डायलिसिसवाल्यांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. रुग्णालयाचं प्रमाणपत्र घेऊन आगारातून पास करून घ्या. पण तो जातानाच वापरा. चार तास मशीनवर राहून उठल्यावर रक्तदाब पडतो, पायात गोळे येतात, आणि फिस्टुलाच्या (डायलिसिसची सुई टोचतात त्या) हातानं दांडा धरायचा नसतो. उभ्यानं परतीचा प्रवास झाला तर माणूस गाडीतच कोसळतो. परतीला चारचाकीच हवी. तिघांची डायलिसिसची पाळी एकाच दिवशी, एकाच वेळेला मिळते का ते युनिटच्या तंत्रज्ञाला विचारा. बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं. तिघं एका गाडीत आले तर आठवड्याच्या तीनच फेऱ्या होतात. जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिसची सोय झाली आहे का, हेही एकदा बघा. चाळीस किमीच्या जागी पंचवीस झाले तरी महिन्याचं गणित बदलतं.

जुना_टीसी

आणि या पाच जणांसाठी पिवळ्या प्लेटची टॅक्सी फेरीवारी ठरवा, महिनेवारी नाही. खुर्ची डिकीत मावते की सीएनजीची टाकी आडवी येते, ते आधी उघडून बघा. फक्त यांच्यासाठी म्हणून देणगीदारांकडे वेगळे पैसे मागा, मिळतात.

आणखी एक. एप्रिल ते जून उन्हाळी जादा वाहतूक, आषाढीला पंढरपूर, दिवाळी, आणि निवडणुकीत मतदान पथकं. या दिवसांत आगारातून गाड्या उचलल्या जातात आणि पहिल्यांदा ग्रामीण फेऱ्या रद्द होतात. मानव विकास योजनेची, शाळकरी मुलींसाठीची निळी बस शाळेच्या वेळा धरून चालते, सुट्टीत तिचा भरवसा नाही. आषाढीच्या आठवड्यात साधी तपासणी असेल तर तारीख पुढं ढकलून घ्या. आगाराच्या कंट्रोलरचा फोन नंबर रिक्षावाल्याकडे हवा, म्हणजे सकाळी सहालाच कळतं.

अर्जाचा मजकूर असा ठेवा, एक पान पुरे:

"मा. आगार व्यवस्थापक यांस. विषय: चालू फेरीच्या वेळेत बदल व विनंती थांबा मिळणेबाबत. … या गावांतील ज्येष्ठ नागरिक दर सोमवार, बुधवार, शुक्रवार रुग्णालयीन उपचारांसाठी प्रवास करतात. सोबत दि. … ते दि. … ची प्रवासी नोंद जोडली आहे. १) सकाळी … वाजता सुटणाऱ्या फेरीची वेळ … करावी. २) … फाटा येथे साध्या गाड्यांस विनंती थांबा द्यावा. ३) दुपारी … वाजता सुटणारी फेरी लासूर स्टेशन बसस्थानकात नेण्यात यावी. वाढीव किलोमीटर: … . सोबत: ग्रामपंचायत ठराव, प्रवासी नोंद, थांब्याच्या जागेचा फोटो."

वाढीव किलोमीटरचा आकडा तुम्हीच मोजून भरा, मोटारसायकलवर जाऊन. तो रकाना रिकामा दिसला की फाइल मोजणीसाठी परत येते.

शिवनाकाठ

उद्यापासून नोंदवही सुरू. चौरंगाचं माप लोहाराला दिलंय.

पायरी_दांडा

रबराच्या टोप्या विसरू नका. आणि दर महिन्याला बघा, त्या झिजतात.